बर्फातून आणलेला भाऊ

अमिमीचा सख्खा भाऊ देवीच्या साथीत गेला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, आणि पुढच्याच हिवाळ्यात तिनं बर्फातून दुसरा भाऊ उचलून आणला. उचलून म्हणजे खरंच उचलून. ओढ्याच्या वरच्या अंगाला तिनं सशांसाठी फास लावले होते. ते बघायला गेली, तर आडव्या पडलेल्या ओकच्या खोडामागे एक गोरा पोरगा मोडका पाय घेऊन निपचित पडलेला. ओठ निळे, दाढी नुकती फुटलेली, अंगावर फाटका डगला. तिनं त्याला आपल्या कांबळ्यावर लोळवलं आणि कांबळं ओढत ओढत गावाकडे निघाली. वाटेत तीनदा वाटलं, द्यावं सोडून, फार जड आहे. तिसऱ्यांदा तो कण्हला, म्हणून राहिला.

दारात थोरली बहीण शिकी उभी होती. शिकी म्हणजे देखणी, आणि नाव आपल्याला शोभतं हे तिला पुरतं ठाऊक होतं.

"ससे आणायला गेली होतीस ना?" शिकी म्हणाली. "हे काय आणलंस? याला ना मांस, ना कातडं कामाचं."

"अगं, जिवंत आहे तो."

"तेच म्हणतेय. मेलेला असता तर निदान खायला मागितलं नसतं."

आणि हीच शिकी मग दोन दिवस त्याच्या पायांशी तापवलेले दगड बदलत बसली. तिची जीभ एक बोलायची आणि हात भलतंच करायचे.

हे घडलं सस्क्वेहाना नदीच्या एका वळणावर, आमच्या लेनापे लोकांच्या पंधरा घरांच्या गावात. पेनसिल्व्हेनियातल्या गोऱ्यांच्या वस्त्या तेव्हा दोन दिवसांच्या वाटेवर होत्या. हा पोरगा तिथूनच पळालेला. योस्ट हाइनमान त्याचं नाव. जर्मन मुलखातून जहाजानं आला आणि उतरल्या उतरल्या सात वर्षांच्या चाकरीला एका शेतकऱ्याच्या दावणीला बांधला गेला. मालक काठीनं बोलायचा, म्हणून दुसऱ्याच वर्षी त्यानं रान गाठलं आणि रानानं त्याचा पाय मोडला.

तीन महिने तो आईच्या चुलीशी पडून होता. आई त्याला अस्वलाच्या चरबीत शिजवलेल्या मक्याच्या कण्या भरवायची. आमची भाषा त्याला चटकन आली, पण वाकडी आली. एकदा "अजून कण्या वाढ" म्हणायच्या ऐवजी तो आईला "अजून म्हाताऱ्या वाढ" म्हणाला. शिकी हसता हसता चुलीत पडायची वाचली. पुढं कितीतरी दिवस आमच्या गावात कण्यांना म्हाताऱ्याच म्हणत.

बर्फ वितळलं, पाय सांधला, आणि त्याला जायला वाट मोकळी झाली. तो गेला नाही. आईनंही जा म्हटलं नाही. आमच्यात मेलेल्याचं नाव कुणी उच्चारत नाही. ते नाव पुन्हा तोंडावर यावं असं वाटलं, तर ते एखाद्या जिवंत माणसाला द्यायचं आणि त्याला मेलेल्याच्या जागी बसवायचं. आईला आपल्या मुलाचं नाव पुन्हा हाकारायचं होतं. तिनं योस्टला नदीवर नेलं. बायकांनी त्याला वाळूनं घासघासून न्हाऊ घातलं, तो थंडीनं ओरडत होता आणि बायका सांगत होत्या, ओरड, तुझं गोरं रक्त वाहून जाऊ दे. मग आईनं आपल्या मुलाचा हरणाच्या कातड्याचा अंगरखा त्याला घातला आणि म्हणाली, "वापालान, घरी चल." त्या दिवसापासून तो शिकीचा भाऊ झाला आणि अमिमीचा दादा झाला.

आता भाऊ झाला म्हणजे नुसता बोलायला झाला नाही. आमच्याकडे पोर आईच्या कुळाचं. बाप लाड करायला असतो, खांद्यावर बसवायला असतो. पोराला वळण लावायचं, कान पिळायचा, शिकार शिकवायची आणि कुणी अंगावर आलं तर पोराच्या पुढं उभं राहायचं, हे सगळं मामाचं काम. बाप रागावला तर शेजारी हसतात. मामानं नुसतं नाव घेतलं तरी पोर सरळ बसतं.

शिकीला दोन मुलगे झाले. अमिमीला एकच झाला, अनिकुस. त्याचा बाप वरच्या गावचा शिकारी होता, वर्षाकाठी दोनदा यायचा, आणि एका वर्षी आलाच नाही. पोर मामाच्याच हाताखाली वाढलं. आणि खोटं कशाला बोला, योस्टनं मामापण मनापासून निभावलं. अनिकुसला पोहायला त्यानं शिकवलं, हरणाचा माग काढायला त्यानं शिकवलं, पोरानं पहिलं हरीण आणलं तेव्हा बंदूकही त्यानंच दिली. पहिली बंदूक मामाच देतो. आणि दिलेली बंदूक मामा कधीही परत मागू शकतो. मागितली, की भाच्यानं एक अक्षर न बोलता त्याच्या हातात ठेवायची. का, कशाला, कधी देशील, काही विचारायचं नाही. विचारलं तर तो भाचा कसला? मामा लोक हे एकदा दोनदा गंमत म्हणून करतातच. योस्टनंही केलं होतं. भर जेवणात हात पुढं केला, "भाच्या, बंदूक." अनिकुसनं तोंडातला घास तसाच ठेवून बंदूक दिली. योस्टनं एक डोळा मिटून नळीत पाहिलं आणि म्हणाला, "आत उंदरानं संसार थाटलाय. बायकोला बोलवायच्या आत साफ कर." सगळं घर हसलं. अमिमी सगळ्यांत जास्त हसली, कारण तिला वाटलं, आपण आणलेला भाऊ अस्सल निघाला.

मग त्यानं गिरणी काढली. ओढ्याकाठची जागा त्यानं मागितली तेव्हा आईलाच नवल वाटलं. "मुलगा आईकडे राहायला जागा मागतो का? राहा की." आईच्या लेखी विषय तिथं संपला. योस्टनं पाणचक्की बसवली, खालच्या वस्तीतून बार्बरा नावाची बायको करून आणली. ती मितभाषी होती, पण अमिमी गेली की पावाचा तुकडा हातावर ठेवल्याशिवाय सोडायची नाही. गिरणीमागोमाग लोहार आला, लोहारामागोमाग शेतकरी आले. आठ-दहा वर्षांत तिथं तीस घरांची वस्ती उभी राहिली. आमच्या बायका त्यांना टोपल्या आणि झाडू विकायच्या. त्यांची पोरं आमच्या पोरांना दगड मारायची, मग योस्ट त्यांना झापायचा. निदान सुरुवातीला झापायचा.

"हल्ली तो जेवायला येत नाही," शिकी म्हणायची.

"संसार आहे त्याला, ताई. कामं असतात."

"असतील. पण त्याच्या लोकांत मामा म्हणजे काय असतं, विचारलंस कधी?"

"तो आता आपल्या लोकांत आहे."

"मग जेवायला तिकडं का जातो?" शिकी म्हणायची आणि टोपलीची पट्टी दातांत धरून पुढचं बोलणं गिळायची.

सतराशे त्रेसष्ट साली पश्चिमेकडच्या टोळ्यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललं. सरहद्दीवरच्या शेतकऱ्यांची घरं जळली, त्यांची बायकापोरं मेली, हे खरं आहे. ज्यांनी जाळलं ते दूर होते. आम्ही जवळ होतो. खालच्या वस्त्यांतले स्वार टोळ्या करून फिरू लागले आणि दिसेल तो इंडियन त्यांना सारखाच दिसू लागला. आमच्या गावातली बरीच घरं शरदातच उत्तरेला निघून गेली. आई तर केव्हाच वारली होती. मागं दहा जण उरले: अमिमी आणि अनिकुस, शिकी आणि तिचे दोघे मुलगे, चोलेन्स आजोबा आणि त्यांची म्हातारी, त्यांची विधवा सून आणि सुनेची दोन लहान पोरं.

बर्फ पडायला लागल्यावर एका सकाळी योस्ट घोड्यावरून आला. बसला, चिलीम ओढली, आणि म्हणाला, "राज्यपालाचा हुकूम आलाय. शांत इंडियनांना वस्तीत आणून ठेवा, त्यांना कुणी हात लावायचा नाही. माझ्या गिरणीच्या कोठारात चला. तुमचे लोक सुखरूप राहतील आणि आमच्या लोकांचीही भीती जाईल." एवढं सांगून तो घोड्याला पाणी दाखवायला नदीवर गेला.

तो गेल्यावर शिकी म्हणाली, "मी उत्तरेला जाणार. चार दिवसांची वाट आहे."

"या बर्फात?" अमिमी म्हणाली. "दोन पोरं, दोन म्हातारी माणसं घेऊन? दोन तरी वाटेत पुरावी लागतील."

"तिकडं कोठारात दहाही पुरावी लागतील."

"ताई, तो पोरांचा मामा आहे. तुझ्या पोरांचाही. मामा भाच्यांच्या अंगावर कुणाला येऊ देईल?"

"आत्ता बोलताना काय म्हणाला ऐकलंस? तुमचे लोक, आमचे लोक."

"तू तर त्याच्या शब्दाचा कीसच काढतेस. तो बोलायला वाकडाच आहे पहिल्यापासून."

चोलेन्स आजोबांनी दोघींकडे पाहिलं. त्यांचे गुडघे गेलेले, चार दिवसांच्या वाटेचं नावही त्यांना नको होतं, पण वडीलकीचा निवाडा त्यांनाच करायचा होता. त्यांनी विचारलं, "अमिमी, त्याला तू आणलंस. तू हमी घेतेस?"

"घेते," अमिमी म्हणाली.

एवढंच. एका शब्दाचं काम. ती 'नाही' म्हणाली असती तर सगळे उत्तरेला गेले असते, आणि हे तिला मरेपर्यंत रोज सकाळी जाग आल्या आल्या आठवायचं.

शिकीनं आपलं बोचकं बांधलं. मुलगे म्हणाले, आई, आपण तिघं उत्तरेला जाऊ. ती म्हणाली, "आणि हिला एकटी सोडू? वाटेत पुन्हा कुणाला तरी उचलून आणेल ही."

कोठारात पहिले पाच दिवस बरे गेले. बार्बरा पाव आणि दूध पाठवायची. चोलेन्स आजोबांची नातवंडं पिठाच्या पोत्यांवरून घसरगुंडी करायची आणि पांढरीफटक होऊन आजीकडे जायची. आजी म्हणायची, "अगं बाई, हे गोऱ्यांचे कुणाचे आले?" अमिमी टोपल्या विणत होती. मधूनच बहिणीकडे बघून भुवया उडवत होती, म्हणजे बघ, मी म्हणत नव्हते? शिकी बघून न बघितल्यासारखं करायची.

सहाव्या दिवशी दुपारी योस्ट आला. बसला नाही. अनिकुसपुढं उभा राहिला, हात पुढं केला आणि आमच्या भाषेत, अगदी सरळ, एकही चूक न करता म्हणाला, "भाच्या, बंदूक."

अनिकुस वीस वर्षांचा होता. नेमबाज होता, रागीट होता, आणि गेले पाच दिवस बंदूक उशाशी घेऊन झोपत होता. त्यानं ती उचलली आणि मामाच्या हातात ठेवली. योस्ट शिकीच्या थोरल्याकडे वळला, मग धाकट्याकडे. त्यांनीही दिल्या. एकानंही का म्हणून विचारलं नाही. चोलेन्स आजोबांना तो मामा लागत नव्हता, पण तीन तरुणांनी दिल्यावर ते म्हणाले, "मी एकट्यानं ठेवून काय चिमण्या मारू?" आणि त्यांनीही आपली पुढं केली.

"बघ आता नळीत उंदीर, आणि दे परत," शिकी म्हणाली.

योस्ट हसला नाही. "वस्तीतल्या लोकांना भीती वाटते. वर माझ्या खोलीत ठेवतो," म्हणाला आणि चारही बंदुका काखेत मारून गेला.

सातव्या दिवशी सकाळी तो अमिमीकडे आला. "बार्बराचे गुडघे धरलेत. पाय टेकवत नाही तिला. वरच्या ओढ्याकाठच्या विलोच्या झाडाची साल आणशील? तिथलीच हवी, इकडची लागू पडत नाही." अमिमी लगेच उठली. वहिनीचा पाव सहा दिवस खाल्ला होता, तेवढं तरी करायला हवं. अनिकुस म्हणाला, मी येतो. योस्ट म्हणाला, "तू थांब. स्वार फिरताहेत, तरणा इंडियन बघितला तर गोळी घालतील. बाईमाणसाला कुणी काही करत नाही." अनिकुस थांबला. मामा थांब म्हणाला होता.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा ती साल घेऊन परतली. आधी दिसल्या घोड्यांच्या टापांच्या खुणा. इतके घोडे त्या वस्तीत नव्हतेच. कोठाराचं दार सताड उघडं होतं. आत तिनं काय पाहिलं ते तिनं कधी सांगितलं नाही, आणि इथंही त्याचं वर्णन येणार नाही. एवढंच, की शिकी दारातच आडवी पडली होती आणि लहान पोरं तिच्या मागं होती. अनिकुस भिंतीशी होता. त्याच्या हातात चोलेन्स आजोबांची काठी होती.

योस्ट गिरणीच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडत होता. "पन्नास होते, अमिमी. मी काय करणार होतो? मला काही करता आलं नाही." आणि अमिमीनं काय केलं? तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्याची समजूत घातली. आपलं पोर अजून गरम होतं आणि ती मामाची समजूत घालत होती. वस्तीतलं कुणी घराबाहेर आलं नाही. योस्टनं एकट्यानं गिरणीमागं खड्डा खणला, अमिमीनं नऊ जणांना आपल्या हातांनी त्यात निजवलं, आणि तिसऱ्या दिवशी ती उत्तरेची वाट चालू लागली. एकटीला ती वाट चार दिवसांचीच पडली.

नातेवाइकांनी तिला घेतलं, पण मोकळ्या मनानं घेतलं असं कसं म्हणावं? मेलेल्यांचे भाऊबंद तिथं होते. भांडण झालं की कुणीतरी तोंडावर टाकायचंच, "तू त्याला मामा केलंस, त्यानं तुम्हा सगळ्यांना मामा बनवलं." एक म्हातारा म्हणायचा, त्यानं केसानं गळा कापला. अमिमी त्यालाही उलटून बोलायची. "त्यानं नाही कापला. त्याला कळलंच नाही. त्यांच्यात मामा म्हणजे कुणीच नसतो, आईचा भाऊ, बस्स, सणाला येतो आणि जातो. त्यानं आपली साधी वस्तू मागावी तशी बंदूक मागितली. ती मागणं म्हणजे काय, हे त्याला काय ठाऊक? आईनं त्याच्या अंगावर अंगरखा घातला आणि मी समजले, आत माणूस बदलला. चूक माझी."

बायका म्हणत, हिला वेड लागलंय. वेड नव्हतं ते. तिला तेवढाच एक आडोसा उरला होता. चूक आपली असेल तर तिला निदान एक भाऊ उरत होता, अडाणी का होईना. तो आडोसा तिनं वीस वर्षं लिंपून सारवून ठेवला. टोपल्या विणल्या, दुसऱ्यांची पोरं वाढवली, परत लग्न केलं नाही. मधल्या काळात इंग्रजांचं राज्य गेलं आणि गोऱ्यांचं आपलं राज्य आलं. आमच्यासाठी त्यात फक्त कागदावरचा शिक्का बदलला.

वीस वर्षांनी, मक्याची कणसं खुडायच्या दिवसांत, दोन घोडे तिच्या दारात थांबले. एकावर कोर्टाचा तरुण लेखनिक, दुसऱ्यावर योस्ट. केस पांढरे झालेले, पण पाठ ताठ. बरोबर पिठाचं एक पोतं आणि लाल कांबळं भेट म्हणून आणलेलं.

अमिमीनं त्याला लगेच ओळखलं. "दादा, ये. बस," म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. नाकारायचं कशाला? तिला बरं वाटलं. तिच्या आईला, शिकीला, अनिकुसला ओळखणारं दुसरं कुणी या जगात उरलं नव्हतं.

दोघांना खायला घालून झाल्यावर योस्टनं काम काढलं. एका जमीन कंपनीनं ओढ्याकाठच्या जागेवर दावा सांगितला होता. योस्टकडे कागद नव्हता. आईनं कागद कुठला दिला असणार? कोर्ट म्हणत होतं, मूळ मालकांपैकी कुणी जिवंत असेल तर त्याचा जबाब आणा.

"तू एवढंच सांग, की तुझ्या आईनं मला मुलगा करून घेतलं आणि ती जागा दिली. खाली खूण कर. नाहीतर या वयात मला बाहेर काढतील, अमिमी. पोराबाळांनी जायचं कुठं?"

"करते की. खोटं थोडंच आहे ते?" अमिमी म्हणाली. लेखनिकानं कागद पसरला, दौतीचं झाकण काढलं. अमिमी पुढं सरकली आणि मधेच थांबून, आपुलकीनंच म्हणाली, "दादा, एक सांगू? इथं लोक तुला फार बोलतात. मी कुणाचं ऐकून घेत नाही. मी सांगते, त्याला बिचाऱ्याला काय माहीत, भाच्याकडे बंदूक मागणं म्हणजे काय असतं."

योस्टनं नुसती मान हलवली असती तर त्याचं काम झालं असतं. पण त्या सगळ्या मुलखात इंडियनांच्या चालीरीती त्याच्याइतक्या कुणाला कळत नाहीत, असा त्याचा लौकिक होता, आणि म्हातारपणी माणसाला लौकिकाशिवाय असतं काय? अडाणी म्हटलेलं त्याला सोसलं नाही.

"न कळायला मी काय काल आलेला होतो?" तो आमच्या भाषेत म्हणाला, म्हणजे लेखनिकाला कळू नये. "ते कळत होतं म्हणून तर मी स्वतः आलो. दुसऱ्या कुणी मागितल्या असत्या तर त्या पोरांनी दिल्या असत्या? गोळ्या चालल्या असत्या. खालच्या लोकांचा निरोप आला होता, बंदुका काढून घे, नाहीतर तुझी गिरणीही जाळू. घरात बार्बरा, चार पोरं. तूच सांग, काय करायचं मी?"

"निरोप कधी आला होता?"

"आदल्या दिवशी." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून तो घाईनं म्हणाला, "तुला तर वाचवलं ना मी? बार्बराच्या गुडघ्यांना काही झालं नव्हतं. अजून धडधाकट आहेत. तेवढं तरी केलं की नाही तुझ्यासाठी?"

अमिमी पुढं सरकली होती, ती मागं सरली. मग म्हणाली, "अनिकुस माझ्याबरोबर येतो म्हणाला होता."

"मी त्यांना दहा सांगितले होते. एखादी बाई कमी भरली तर कुठं तरी गेली म्हणता येतं. तरणा पोरगा कमी भरला असता तर ते माझ्याच मानेवर आलं असतं."

त्यानं हे फार सहज सांगितलं. इतकी वर्षं त्यानं ते स्वतःशी इतक्या वेळा सांगितलं असणार, की त्याचे काटे झिजून गेले होते. वीस वर्षं ती स्वतःला दोष देत आली होती, आणि त्या दोषात तिला एक प्रकारची ऊब होती. आता कळलं, की तिनं आणलेला भाऊ खरंच अस्सल निघाला होता. आमची रीत त्यानं घरच्या पोरासारखी शिकून घेतली, आमच्याहून बारकाईनं ओळखली, आणि नेमकी तीच आमच्या पोरांवर चालवली. तिला संताप आला, किळस आली, आणि सगळ्यांत जास्त लाज वाटली, की त्या दिवशी पायरीवर आपण या माणसाच्या पाठीवरून हात फिरवला.

लेखनिक कंटाळला होता. "खूण इथं करायची," त्यानं बोट ठेवून दाखवलं.

अमिमीला गोऱ्यांची भाषा चांगली येत होती. जन्मभर टोपल्या विकल्या होत्या तिनं. पण ती आपल्याच भाषेत बोलली, योस्टकडे बघून, सावकाश, शब्द सुटा करून.

"त्याला लिहायला सांग. हा माझ्या आईचा मुलगा, माझा भाऊ. जागा आईनं त्याला दिली. सगळं खरं आहे. आता पुढचं सांग. आमच्यात भावाचं जे काही असतं ते त्याच्या पोटच्या पोरांना जात नाही. बहिणींच्या मुलांना जातं. जागा, गिरणी, तुझ्या घराचं दार, दारातला कुत्रा, सगळं अनिकुसचं आणि शिकीच्या दोघांचं आहे. त्यांच्याकडे कागद घेऊन जा. ते कुठं आहेत तुला माहीत आहे, खड्डा तूच खणलास. त्या तिघांनी खूण केली, की चौथी मी करते."

लेखनिकानं पिसाची लेखणी दौतीत बुडवली आणि योस्टकडे पाहिलं. "काय म्हणाली?"

योस्ट कागदाकडे बघत राहिला.

"हाइनमान, काय लिहू? तुम्ही तर म्हणाला होतात, यांची भाषा तुम्हाला चांगली कळते."

"कळते," योस्ट म्हणाला, आणि त्यानं दौतीचं झाकण लावलं.